मान हलल्याशिवाय

मार्गेट,
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय एमलिन,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. तुझ्या मायरला सांग, तिने पाठवलेला संत्र्याचा मुरंबा दहा दिवसांत फस्त केला, बरणी परत मागू नकोस म्हणावं. इकडे समुद्रावरून बोचरा वारा सुटलाय आणि मी दुपारी दोनलाच दिवा लावून बसलोय. तब्येत ठीक. दात बरेचसे गेले, राग अजून शाबूत आहे.

त्या टीव्हीवाल्या पोरीचा फोन आला होता. पंधरा डिसेंबरच्या माझ्या सत्काराला तू येणार आहेस म्हणे, आणि हल शहरातल्या आपल्या नाटक कंपनीच्या दिवसांवर बोलणार आहेस. काय बोलणार, असं विचारलं तर हसली. म्हणाली, स्वतःच्या मूर्खपणाने डोळा कसा घालवला ते रंगवून सांगणार आहेत. फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो.

माझ्या कामाचे तुकडेही दाखवणार आहेत. पोरीने मोजदाद केलीय. रंगभूमी, सिनेमा, टीव्ही मिळून मी त्रेसष्ट माणसं मारली. सुरीने, दोरीने, उशीने, एकाला कालव्यात बुडवून, एका बाईला तिच्याच स्वयंपाकघरात इस्त्रीने. मधे दोन राजे केले, एक पाद्री केला, तो कुणाच्या बापाला आठवत नाही. लोकांना गळा दाबणारा विल्फ सग्डेन तेवढा माहीत. बसमध्ये बायका आधी पर्स छातीशी धरतात आणि मग सही मागतात. पेपरात एकदा छापून आलं होतं की याच्या हातातली हिंसा खोटी वाटत नाही. ते कात्रण मी जपून ठेवलं नाही, एवढंच सांगतो.

आता लीड्सचं सांगतो. गेल्या महिन्यात तिथे मालिकेचं शूटिंग होतं. मी म्हातारा गुंड, आणि पोटच्या पोरीच्या डोक्यात शेगडीचा गज घालायचा. पोरीचं काम करणारी टॅमसिन, चोवीस वर्षांची. गज वरून रबराचा, पण आत सळई होती, कानशिलावर बसला असता तर हाड फुटलं असतं. तीनदा तालीम झाली. चौथ्यांदा कॅमेरा सुरू झाला, मी गज उगारला आणि सगळा जोर लावून खाली आणला. अर्ध्या वाटेत तिच्या डोळ्यांत दिसलं की ती तयार नाही. तिची टाच गालिच्यात अडकली होती. गज तिच्या कानापासून वीतभरावर थांबला. माझ्या या बहात्तर वर्षांच्या, संधिवाताने आखडलेल्या हाताने थांबवला.

दिग्दर्शक ओरडला. टॅमसिनने माझ्या गालाचा मुका घेतला. मी सामानाच्या गाडीमागे जाऊन भडाभडा ओकलो. सगळ्यांना वाटलं, दुपारचं जेवण बाधलं.

एमलिन, निघालेला हात थांबतो. अठ्ठेचाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की थांबत नाही.

म्हातारा गॅरेट आठवतो ना, आपल्याला तलवारबाजी शिकवणारा? रोज पडदा उघडण्याआधी तो आपल्याकडून सगळी लढाई आधी संथ आणि मग निम्म्या वेगात करून घ्यायचा. आणि रोज तेच बजावायचा, "त्याच्या डोळ्यांत बघ. त्याची मान हलली तरच तुझा हात हलव. नाही हलली तर नाटक गेलं खड्ड्यात." तू चिडवायचास की खाटकाच्या पोराला हे शिकवून उपयोग नाही, याच्या बापाने कधी डुकराला विचारलं नव्हतं. मी हसायचो. बार्न्सलीच्या आमच्या दुकानात मी खरंच कधी कुणाला विचारताना पाहिलं नव्हतं.

तुझा डोळा गेला त्या बुधवारी सकाळी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात दोन पत्रं आली. एकाच सिनेमासाठी, एकाच भूमिकेसाठी आपण दोघं लंडनला जाऊन आलो होतो. तुला घेतलं होतं, मला नाही. तू एक अक्षर बढाई मारली नाहीस. उलट तुझ्या ताटलीतला बेकन माझ्या ताटलीत सरकवलास आणि म्हणालास, "खा रे खाटका, पुढचा नंबर तुझा." तुझी ती दया मला झोंबली. तू नाक वर केलं असतंस तर मी सहन केलं असतं. मी तो बेकन खाल्ला. प्रत्येक घासागणिक तुझं वाईट व्हावं असं वाटत होतं.

दुपारच्या खेळाआधी आपण गॅरेटसमोर लढाई केली. एक पाऊल चुकलं नाही. मग खेळात, चौथ्या अंकात मी तुझ्या तोंडावर वार करायचा आणि तू खाली वाकायचं, ती जागा आली. आधीच्या खुनाचं खोटं रक्त कुणी पुसलं नव्हतं. तुझा पाय सरकला, एक हात जमिनीला टेकला. तू वर माझ्याकडे पाहिलंस.

तू सगळ्यांना सांगत आलास की तू मान हलवलीस. हॉस्पिटलमध्ये पोलिसालाही तेच सांगितलंस, डोक्याला पट्ट्या असताना. "माझीच मान हलली. विल्फचा काय दोष?"

तू मान हलवली होतीस, एमलिन. आडवी. नाही म्हणून. मी ती स्वच्छ पाहिली. मला वेळ होता, लीड्सला होता त्याच्या दुप्पट. आणि मी वार केला.

टोक बोथट होतं, तरी डाव्या डोळ्यात गेलं. हाताला जे जाणवलं ते मी दुकानात कितीदा अनुभवलं होतं, म्हणून नेमकं काय झालं ते मला कळलं. तू गुडघ्यावर बसलास, बोटांतून रक्त आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय काम करतायत पोरं. मी माझं पुढचं वाक्य म्हटलं. अगदी खणखणीत. ते वाक्य मला अजून सोडत नाही.

आठवड्याने सिनेमातली तुझी भूमिका मला आली. मी तुझ्या खाटेशी उभा होतो. तू म्हणालास, जा मूर्खा, दोघांपैकी एकाने तरी करायलाच हवी. मी गेलो. त्या भूमिकेतल्या एका खुनातून पुढचे बासष्ट निघाले. तू वेल्सला परतलास, शाळेत पोरांना नाटक शिकवलंस आणि दर नाताळला मला कार्ड धाडलंस, 'उरलेल्या डोळ्याकडून सलाम.' मी ती सगळी कार्डं जपलीयत. त्यांना उत्तरं मात्र हवापाण्याची दिली.

तुला खरंच आठवत नव्हतं, की तू मला वाचवलंस? हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. आता विचारतोय.

सत्काराला यायचं नसेल तर येऊ नकोस. आणि हे पत्र वाचून मायरने माझ्या नावाने बोटं मोडली तर तिला थांबवू नकोस. पण आलास तर आधी मला बोलू दे. माझं हे सगळं सगळ्यांसमोर सांगायचं ठरलंय, कॅमेऱ्यासमोर, त्या त्रेसष्ट मुडद्यांच्या पडद्याखाली उभं राहून. फक्त तुझी गोष्टही तितकीच तुझी आहे. तू ती अठ्ठेचाळीस वर्षं सांभाळलीस, ती न विचारता मोडायचा मला हक्क नाही. म्हणून बोलण्याआधी मी तुझ्याकडे बघेन. पहिल्या रांगेत बस, माझी नजर आता लांबचं धरत नाही.

मान उभी हलवलीस तर बोलेन. आडवी हलवलीस तर या वेळी थांबेन.

तुझा डोळा घेणारा,
खाटकाचा पोर
विल्फ