एक्क्याण्णवचा फ्रीज, पंच्याण्णवची जागा

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
निर्णय झाला. साइड-बाय-साइड फ्रीज घ्यायचा. काल साडूकडे गेलो होतो. त्याने मुद्दाम दोन्ही दारं एकदम उघडून दाखवली, मग दारातूनच ग्लासात बर्फ पाडला. मी म्हटलं, छान आहे. आवाजात काही जाणवू दिलं नाही. हेवा वगैरे अजिबात नाही. आपली गरजच आहे. घरात माणसं दोन, हे खरं. पण पाहुणे काय सांगून येतात?

सकाळी ११
हिला सांगितलं. हिचा एकच प्रश्न, माझं मशीन कुठे जाणार? हिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली असतं. डावीकडून उजेड येतो म्हणे. सध्या बावीस युनिफॉर्मची ऑर्डर आहे, वीस तारखेला द्यायची. शाळेची पहिलीच ऑर्डर. ही चुकली तर शाळा पुन्हा दारात उभं करणार नाही, असं म्हणाली. शिवाय एवढं धूड तुमच्या खोलीतच ठेवा, असंही म्हणाली. हसलो. माझ्या खोलीत माझं टेबल आहे. त्याच टेबलावर ही वही लिहितोय. एके काळी डुगडुगायचं. मीच दुरुस्त केलं, दोन मिनिटांत.

हिला लेखी दिलं: मशीन तसूभरही हलणार नाही. खाली सही, तारीख. सरकारी माणूस शब्द देतो तो असा.

५ फेब्रुवारी
मेजरमेंटचा दिवस. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. काटे तपासले, कापडवाल्यांच्या गजपट्ट्या जप्त केल्या, दोन बोटं घासलेली पट्टी लांबूनच ओळखली. स्टीलची टेप रिटायर होताना खात्याला परत केली (प्रामाणिकपणा). म्हणून हिची शिलाईची टेप घेतली. देताना ही म्हणत होती, या टेपचं एक आहे... मी हात वर केला. माप घेताना मी बोलणं ऐकत नाही.

ओटा ते मशीन: पंच्याण्णव. मशीनपलीकडे भिंत, म्हणजे ते सरकवायचा प्रश्नच नाही. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पंच्याण्णव. माणूस बिनचूक असला की कंटाळा येतो कधीकधी.

७ फेब्रुवारी
शोरूम. फ्रीजची रुंदी एक्क्याण्णव. सेल्समन म्हणाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर हवेला सोडा. एक्क्याण्णव अधिक चार, पंच्याण्णव! अंगावर काटा आला. तो म्हणाला, आमचा माणूस फुकट येऊन माप घेऊन जाईल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं खातं सांगितलं. बिचारा ओशाळला. ही शेजारी उभी राहून पुन्हा टेपबद्दल काही म्हणणार होती. चारचौघांत नको, म्हणून तिला मिक्सर दाखवायला नेलं.

१२ फेब्रुवारी, दुपारी
आला! काय देखणा आहे! जुना फ्रीज तीच माणसं घेऊन गेली. मी दारांवरची प्लास्टिकची फिल्म लगेच सोलून काढली, ते सुख दुसऱ्याला द्यायचं नसतं.

दुपारी ३
बसत नाहीये. डिलिव्हरीवाल्यांपैकी मोठा म्हणाला, साहेब, जागा कमी आहे. त्याला सांगितलं, जागा किती आहे हे सांगणं तुझं काम नाही. ते दोघं फ्रीज हॉलमध्ये सोडून गेले.

संध्याकाळी ५
संशय आला म्हणून फ्रीजच मोजला. पंच्याण्णव! स्टिकरवर छापलंय एक्क्याण्णव! रक्त सळसळलं. रिटायर झालो म्हणून काय झालं? ही टेपकडे बोट दाखवत होती. पुराव्याला हात लावू नकोस, असं बजावलं.

१३ फेब्रुवारी
शोरूमला तीन पानी तक्रार. थोडी अडचण आली. आजवर कमी देणारे पकडले, हे जास्त देणारे पहिलेच. कलम सापडेना. शेवटी 'ग्राहकाच्या नकळत चार सेंटिमीटर माथी मारले' असं लिहिलं. भाषा जमली आहे.

१५ फेब्रुवारी
फ्रीज अजून हॉलमध्ये, सोफ्यासमोर. टीव्हीचा डावा अर्धा भाग दिसत नाही. बातम्या ऐकून कळतात. ही हॉलमध्ये येते, कोथिंबीर घेते, जाते. परत येते, दूध. पाय दुखतात म्हणाली. युनिफॉर्म आठ बाकी. मी फक्त सुचवलं की मशीन तात्पुरतं पॅसेजमध्ये... तिने माझा सहीचा कागद आणला आणि चुंबकाने फ्रीजच्या दारावर लावला. समोरच. पाणी प्यायला गेलं की दिसतो.

१७ फेब्रुवारी, सकाळी १०
आज शोरूमचा माणूस येणार. केस भक्कम आहे. इस्त्रीचा शर्ट घातला.

सकाळी ११.४०
त्याने स्टीलची टेप लावली. फ्रीज एक्क्याण्णव. जागाही एक्क्याण्णव. मी माझी टेप लावून दाखवली. दोन्ही पंच्याण्णव. मग त्याने माझी टेप हातात घेतली, टोक डोळ्यांजवळ नेलं. टेपला टोकच नव्हतं. पितळी पट्टी नाही, शून्य नाही, एक-दोन-तीन नाही. चारपासून सुरू. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. कुठे होतात नोकरीला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सरकारी. जाताना म्हणाला, फिल्म सोललेला माल परत घेत नाहीत.

दुपारी
ही म्हणाली, टेप अकरा वर्षं तशीच आहे, मी नेहमी चार वजा करते. पाच तारखेला सांगत होते. शोरूममध्येही. बारालाही. तेव्हा ठणकावून का नाही सांगितलंस, म्हटलं. ती मशीन चालवत राहिली.

टेप कापली कोणी? तर मुलीने. आठवीत होती, हस्तकलेसाठी कापली असणार. ती मान्यच करेना. रडून रडून डोळे सुजले होते. मला आठवतंय. 'माप म्हणजे शब्द, तो कापायचा नसतो' या विषयावर मीच तिला तासभर सुनावलं होतं. चांगलं बोललो होतो.

१८ फेब्रुवारी
कागद अजून दारावर आहे. रात्रभर विचार करून जाहीर केलं: फ्रीज माझ्या खोलीत, टेबल पॅसेजमध्ये. मशीन जागच्या जागी. हा प्लॅन बी माझ्या डोक्यात पहिल्यापासून होता. ही म्हणाली, हो का? खालच्या सुताराला बोलावलं. त्याची टेप मागून घेतली. आधी टोक पाहिलं.

१९ फेब्रुवारी, सकाळी ९
सुताराने टेबल सरकवलं. मागच्या डाव्या पायाखालून काहीतरी निघालं. दुमडलेली पट्टी, धुळीने काळी. पुसली. पितळी टोक. एक, दोन, तीन.

खिशात ठेवली. आठवलं सगळं. टेबल डुगडुगत होतं, हाताशी टेप होती, कात्री होती. दोन मिनिटांत. मग विसरलो. आणि पुढच्या महिन्यात पोरीसमोर तासभर बोललो.

सकाळी ९.३०
सांगायची काही गरज नाही. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. फ्रीज खोलीत मस्त बसला.

दुपारी २
जेवण गेलं नाही. पट्टी हिच्यापुढे ठेवली. तिने पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मग टेप घेतली आणि मशीनवरच चार टाके घालून टोक जोडून टाकलं. आता चार वजा न करायची सवय लावावी लागेल, एवढंच म्हणाली.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६
बावीसच्या बावीस युनिफॉर्म गेले. शाळेच्या बाईंनी पुढची ऑर्डर उभ्या उभ्या दिली. हिच्या चेहऱ्यावर असं हसू कितीतरी दिवसांनी पाहिलं. हिला दाराचा बर्फ घातलेलं सरबत दिलं.

मग मुलीला फोन केला. ती नोकरीच्या गावी असते. टेपचं सांगितलं. माझी चूक होती म्हणालो. ती म्हणाली, बाबा, मला तेव्हापासून माहीत आहे. तुम्ही टेप कापत होतात तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, कुणाला सांगणार? इन्स्पेक्टर तर तुम्हीच होतात. मग हसली आणि फ्रीज किती लिटरचा ते विचारलं. मला लिटर आठवेनात.

रात्री ८
खोलीत फ्रीज घुं घुं करतो. ही कांद्यासाठी येते, शेजारीण बर्फासाठी येते, दार कोणी वाजवत नाही. मी पॅसेजमध्ये. टेबल पुन्हा डुगडुगतंय, म्हणून अक्षर असं. पायाखाली काहीतरी घालायला हवं.

हिला विचारून घालीन.