एका हाताची मूठ

१२ सप्टेंबर २०११, सोमवार
काल गणपती गेले आणि आज बाबांनी घर ढवळलं. वय अठ्ठ्याहत्तर. रिव्हॉल्व्हरचा परवाना हयातीतच एका वारसाच्या नावावर करायचा म्हणतात. मी थोरला आणि एकुलता मुलगा. विषय खरं तर इथेच संपतो. पण नाही. "पयल्या तारखेला रायफल क्लबात तीन तीन गोल्या मारा. एका हातानं. ज्याचा हात ठरंल त्याचं नाव." ज्याचा म्हणजे माझा किंवा शकूचा. शकू माझी धाकटी बहीण, ओवे गावात दिलेली. दिवसभर भाकऱ्या थापते. मी हसलो. बाबा हसले नाहीत.

एका हाताचं कारण असं की मिठागराची राखण करताना बाबांच्या डाव्या हातात कंदील असायचा. आता मिठागरावर सोसायटी उभी आहे आणि तिच्या लिफ्टमध्येसुद्धा दिवा आहे. म्हाताऱ्याला कोण सांगणार?

१४ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. या दिवसांत नवीन काम सुरू करू नये. तोवर चिंतन. नेम हा मनाचा गुण आहे, हात नुसता नोकर.
शकू क्लबात जाऊन आली म्हणे. श्रद्धा नसलेल्या माणसांना घाई फार.

१८ सप्टेंबर, रविवार
बाबांनी ओढून क्लबात नेलं. पित्याची आज्ञा म्हणजे नवीन काम नव्हे, असा अर्थ लावला आणि गेलो.
शिकवायला विनिता मॅडम. वय पंचवीस असेल. तिच्या जन्माआधीपासून मी नारळ सोलतोय. ती मला मूठ शिकवणार!
रिव्हॉल्व्हर जुन्या चालीचं. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो आणि ओढताना मूठ सरकते. मॅडम म्हणाली, "काका, घोडा ओढला की बोटं परत होती तिथेच आणा. आणि गळा नका दाबू त्याचा. कुणाचा हात हातात घेतो ना, तसं धरा." मी कुणाचा हात उगाच हातात घेत नाही. संस्कार असतात माणसाला.
तीन गोळ्या झाडल्या. नेमाचा कागद कोरा. मॅडमने तो जपून ठेवला, परत वापरता येईल म्हणे. चिकटपणा.

२१ सप्टेंबर, पहाटे
पद्धत सापडली. रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन एकविरा आईचं नाव. 'आई' म्हणताना घोडा, 'उदो' म्हणताना चाप. एकशे आठ वेळा. सत्तावीसला अंगठा सुजला. भाव पोचला.
मॅडमला फोनवर सांगितलं. तर म्हणाली, गोळी कुठल्या क्षणी सुटणार हे आपल्यालाही कळता कामा नये, नाहीतर हात दचकतो. आपण काय करतोय हे माणसाला कळू नये! फी घेऊन हे शिकवतात.

२५ सप्टेंबर, रविवार
तिन्ही गोळ्या पुढच्या मातीत. मॅडम म्हणाली, "नाव घेतलंत की तुमचा हात आधीच खाली येतो, काका." भक्ती नम्रच असते, असं मी तिला समजावलं. तिने चष्मा पुसला.
मग शकूने मारल्या. कागदावर दोन भोकं, तीही कडेला. कसं जमलं म्हणून विचारलं, सहज. "दादूस, तव्यावरची भाकरी कशी उचलतात? दाबली तं फाटते, ढिली धरली तं पडते." शस्त्र कुठे, भाकरी कुठे! बायकांना सगळं जग स्वयंपाकघर दिसतं.

२८ सप्टेंबर, बुधवार
घटस्थापना. नऊ दिवस फक्त पाणी आणि दूध. पायात चप्पल नाही. देवळातून लाल धागे आणले आणि रिव्हॉल्व्हरच्या मुठीला घट्ट गुंडाळले. मूठ सरकायचा प्रश्न देवीकडे सोपवला.
रमा म्हणाली, शनिवारपर्यंत तरी जेवा, हात कापतोय तुमचा. माझ्या बायकोची श्रद्धा लग्नापासूनच कच्ची.

३० सप्टेंबर
हात कापतो हे खरं. पण दोन्ही सारखेच कापतात. म्हणजे दोष नेमाच्या हाताचा नाही.

१ ऑक्टोबर, दुपार
पहिली गोळी मातीत.
दुसरी शकूच्या कागदावर, अगदी मधोमध. बाबांनी ती मोजली नाही. वर म्हणाले, "भैनीला मदत करतंय."
तिसरीला धाग्याचं टोक सुटून घोड्याखाली आलं. घोडा धाग्यावर बसला, गोळी सुटलीच नाही. देवीनेच थांबवली, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. बाबा म्हणाले, "देवीला ठावं हाय तुजा नेम." मॅडमने सगळ्यांना मागे उभं केलं आणि रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून काढून घेतलं, तान्ह्या पोराच्या हातातून सुरी काढतात तसं.
शकूच्या तिन्ही लागल्या. दैव आंधळं असतं.
पण पुढे ऐका. शकूच बाबांना म्हणाली, "मना नको बाबा. घरात नातवंडं खेलतात. माज्या नावावर नका करू." पोरगी मुळातली शहाणी, हे मी नेहमीच म्हणत आलोय. आता उरलं कोण? घरी येताच रमाला कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करायला सांगितलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार
बाबा सकाळीच शकूला घेऊन रिक्षाने गेले. म्हटलं, माझ्या नावाचा फॉर्म आणायला. दुपारी रिकाम्या हाताने आले. रिव्हॉल्व्हर पोलिसांत कायमचं जमा केलं. विचारलं, मी होतो ना? "तुज्या हातात देन्यापरीस सरकारच्या कपाटात बरा."
निदान पावती तरी माझ्याकडे ठेवा, म्हटलं. "ती पन धरावी लागते," म्हणाले. पावती शकूकडे.
कप्प्यात रमाने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

६ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजा. पाटावर विळी आणि कोयता. मी सोवळं नेसून कुंकवाची वाटी घेतली. रमाने ती काढून घेतली. म्हणाली, "कोयत्याला कालच धार लावलीय. कुंकू मी लावते. तुम्ही लांबूनच पाया पडा."
लांबूनच पडलो.