त्याले दिसतो ना मी

बाबा, आज पुन्हा तुमच्यावरच चिडले. खरं तर चिडायला दुसराच माणूस होता, कुणा हौशी मालकाचं चार माणसांचं छोटं विमान उडवणारा. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, पण ड्यूटी संपवून घरी येईपर्यंत तो तुमच्यासारखा झाला होता.

तुम्हाला माझं काम कधी नीट कळलं नाही. 'पोरगी विमानायले रस्ता दाखवते' असं तुम्ही मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर दिसेल त्याला सांगायचात. तर ऐका. प्रत्येक विमानात एक यंत्र असतं, ते आमच्या पडद्यावर त्याची उंची कळवतं. मोठ्या विमानातली धोक्याची सूचनाही त्याच्याच जोरावर वाजते. या पठ्ठ्याचं यंत्र बंद. पडद्यावर नुसता ठिपका, उंचीचा पत्ता नाही, हाकेला ओ नाही, आणि समोरून भरलेलं प्रवासी विमान खाली उतरतंय. मी मोठ्याला वळवलं, घिरट्या घालायला लावल्या. आमचे साहेब म्हणाले, एवढ्याशा विमानासाठी? आणि तो उतरल्यावर फोनवर काय म्हणतो, "मॅडम, आसमान एकदम साफ था. बडेवाले को मैं दिख ही रहा था." कपाळ माझं! मी मोठ्याच्या पायलटला विचारलं होतं, त्याला हा शेवटपर्यंत दिसला नव्हता. जे नेमकं आपल्या अंगावर येत असतं ना बाबा, ते पायलटच्या समोरच्या काचेत सरकत नाही. एका जागी ठिपक्यासारखं बसून राहतं आणि मग एकदम मोठं होतं. तोवर काही करायला वेळ उरलेला नसतो.

त्याचं ते वाक्य मी आपल्या वणीच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं आहे. कापसाचे ते वाईट दिवस होते, पुढारी छोट्या विमानांतून यवतमाळला उतरायचे. तुम्ही मान वर करून म्हणायचात, "येवढंसं तर हाय, कोनाले धडकते ते?" आणि स्वतः काय करत होतात? केंद्रावर प्रत्येक बैलगाडीतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवायची, रांग संपेपर्यंत दिवस मावळायचा. मग कोळशाच्या ट्रकांच्या त्या रस्त्यानं तुम्ही मोपेडवर परत यायचात, मागचा दिवा बंद! आई ओरडायची, मी ओरडायचे. तुम्ही पाटावर बसून शांतपणे भाकरी मोडताय. "अवं, मी कडंकडंनं येतो. त्याले दिसतो ना मी! आंधया हाय का तो?"

लोकांच्या मुली पहिल्या पगारात बापाला शर्ट घेतात. मी मोपेडचा मागचा दिवा आणला, दुकानदारही हसला. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, डोळ्यांना लावलात आणि सरळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवलात. वर हळदीकुंकू वाहिलंत.

"बाबा, तो गाडीला लावायचा आहे!"

"लावतो ना. पयल्या कमाईचा हाय, देवापाशी राहू दे थोडा. पाडव्याले लावतो, चांगल्या मुहूर्तावर."

तुम्ही तो पाडवा पाहिलाच नाही. ट्रकवाला पोलिसांपुढे हात जोडून सांगत होता, "साहेब, दिसलेच नाही हो ते." तो खरं बोलत होता, म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही. राग येतो तो तुमचा. इतकी वर्षं झाली, तरी येतो. दोन स्क्रू पिळायचे होते, बाबा. मुहूर्त कसला पाहत बसलात?

आज त्या मोठ्या विमानातली माणसं उशीर झाला म्हणून कुरकुरत, बॅगा ओढत आपापल्या घरी गेली. कुरकुरू देत. आई गेल्यावर देव्हारा माझ्याकडे आला आणि त्याच्याबरोबर तो लाल दिवाही. तुम्हाला लिहिलेला हा कागद मात्र मी तिथं ठेवणार नाही. देव्हाऱ्यात ठेवलेली वस्तू कामाला येत नाही, हे आपल्या घराला चांगलं ठाऊक आहे. कपाटात कपड्यांखाली राहील.

फक्त एक सांगते. माणसांना यंत्र चालू करा म्हणून दिवसभर ओरडणारी मी, आज सकाळी ड्यूटीवर निघताना त्या दिव्याला हळदीकुंकू लावूनच निघाले होते.