फेलोंसाठी घर, भाऊजींसाठी अट

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, नवजात बाळांची डॉक्टर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने करीत आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द वकिलांनी घातला. राजी आहे, खुशी कुठून आणू? आजार मला फार मुदत देणार नाही, आणि ज्या कामापायी जन्म घालवला ते माझ्या डोळ्यांदेखत मोडीत निघाले आहे. त्यासाठीच हा खटाटोप.

कलम १. बँकेतील ठेवी व दागिने माझ्या मुलास मिळावेत. घर मात्र नाही. “आई, विकून टाक ना, कटकट मिटेल,” असे तो दर वेळी फोनवर म्हणतो. बाळा, तुझी कटकट मिटवली आहे. रागावू नकोस.

कलम २. स्टेथोस्कोप, पुस्तके व सरावाची बाहुली नवजात अतिदक्षता विभागास. बाहुलीची मान चिकटपट्टीने बांधली आहे, हळू धरावी. तिच्या घशात नळी घालायला शिकल्यावरच आमचे फेलो खऱ्या बाळाकडे जातात. नवी बाहुली मागून मागून माझी जीभ झिजली. तेवढ्यात रुग्णालयाच्या दारात कारंजे झाले. कारंजे पाहून बाळ बरे झाल्याचे ऐकिवात नाही.

कलम ३. राहते घर. बालरोगतज्ज्ञ झाल्यावरही, तळहातावर मावणारी बाळे जगवायला शिकण्यासाठी जे डॉक्टर येतात, ते आमचे फेलो. पहिल्या आठवड्यात मी त्यांना हात पाठीमागे बांधून काचपेटीशी उभे करते. श्वास बघा, रंग बघा, बोटे बघा. उगाच हाताळले की एवढेसे बाळ दमते. हात कधी लावायचा नाही, हे कळायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

नेमका तोच वेळ व्यवस्थापकांनी कापला. आता फेलो म्हणजे बिनतक्रार राबणारा गडी. शिकवणीला बसला की हाक, रात्र काढून निघाला की “जरा दुपारपर्यंत थांबा.” भांडायला गेले तर म्हणतात, “मॅडम, काम करता करता शिकतील की!” अहो, पोहायला शिकवताना पोराला विहिरीत ढकलून आपण जेवायला जातो का? पण पालथ्या घड्यावर पाणी. बाकीचे फेलो कंटाळून निघून गेले. उरली एकटी घाईबाई. हे नाव मीच ठेवले. आली तेव्हा दिसेल त्या बाळाला सुई टोचायला धावायची. आता पेटीशी स्वस्थ उभी राहते. चांगली डॉक्टर होईल, होऊ दिली तर.

सबब, हे घर फेलोंना राहण्यासाठी रुग्णालयाच्या विश्वस्तांकडे द्यावे. त्यांचा घरावर डोळा आहे, मला ठाऊक आहे. अट अशी: शिकवणीच्या तासातून फेलोला कोणी उठवू नये, रात्रपाळी केलेला फेलो सकाळी घरी पोचावा, आणि सगळा विभाग एकट्या फेलोवर कधीही टाकू नये. अट मोडली की घर माझ्या धाकट्या दिराच्या मालकीचे.

कलम ४. भाऊजी खालच्या मजल्यावर राहतात. जिन्याखालच्या जागेसाठी त्यांनी माझ्यावर दावा लावला, हरले, अपील केले, तेही हरले, आणि अजून कागद काखेत मारून हिंडतात. असा चिवट माणूस मी पाहिला नाही. शिवाय गॅलरीत बसून कोण कधी आले, कधी गेले, हे त्यांना तोंडपाठ. म्हणूनच त्यांना निवडले. बोलावून सांगितले.

“म्हणजे वहिनी, त्यांनी चुकावं म्हणून मी टपून बसायचं?”

“नाहीतरी तुम्ही बसताच.”

“आणि नाही चुकले तर?”

“तर तुमच्या हाती धुपाटणं.”

काखेतले कागद त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “मी सोडणार नाही हं त्यांना.” भाऊजी, उभ्या जन्मात तुमचे हे एक वाक्य मला आवडले.

साक्षीबाबत खुलासा. पहिली साक्ष घाईबाईची ठरली होती. आज दुपारी ती आली ती थेट रात्रपाळीवरून, डोळे तारवटलेले. पेन हातात घेतले आणि फोन वाजला. एका बाळाचा श्वास थांबत होता आणि विभागात एकही डॉक्टर नव्हता. तिने पेन टाकले, माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चपला दारात तशाच ठेवून अनवाणी जिना उतरली. सही करायला थांबली असती तर मीच तिला नापास केले असते. तिची जागा खाली कोरी सोडली आहे. तिथे दुसऱ्या कोणी सही करू नये.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे ती

लिहून देणार: (सही) नवजात बाळांची डॉक्टर

साक्षीदार:
______________
(सही) कोपऱ्यावरचे औषध दुकानदार
(सही) वकिलांचे कारकून