अक्काच्या खोलीत काही ठेवू नये

मी, नरसिंग श्रीपतराव बिरादार, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार ठाणाकुशनूर, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. आमच्याकडे सरकारी कागद कन्नडमध्ये होतात. हा मराठीत लिहितो, कारण तो घरात वाचला जावा, कपाटात राहू नये.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. काळजाचे सांगता येत नाही; येत्या आठवड्यात हैदराबादला त्याचे ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी शोभाबाई "असलं काय बी लिहू नका" म्हणून दोनदा पेन काढून घेऊन गेली, एवढेच.

१. वाटणीत माझ्या नावे झालेला घराचा पूर्वेकडचा भाग, त्यातली कोठीची खोली सोडून, आणि विहिरीजवळची जमीन शोभाबाईची. तिच्यानंतर मुलगा बालाजी याची. बँकेतली ठेव दवाखान्याचा खर्च जाऊन जी उरेल ती शोभाबाईची. त्यातून माझे तेरावे थाटाने करू नये. गावातल्या नरसिंहाच्या देवळात दिव्याला तेल द्यावे, पुरे.

२. मोटारीचे पाने, पकडी, करवत, पहार बालाजीला. तो कडगंचीच्या विद्यापीठात शिकतो, त्याला यांची गरज पडेल असे नाही. तरी गोठ्याच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराला मी खिळा मारून दिला आहे. वापरले की त्याच खिळ्याला अडकवावे. शेजारी उसने न्यायला आले तर द्यावे, पण आणून अडकवायचे काम त्यांच्याकडूनच करून घ्यावे.

३. भांडी. नाव घातलेले भांडे मोडीत द्यायचे नाही, ज्याचे नाव त्याच्या घरच्या लग्नात आहेर म्हणून परत करायचे, अशी आमच्या घरची रीत. ती पाळता पाळता कोठी छतापर्यंत भरली. कितीतरी घरांत आता लग्न व्हायचे कोणी उरले नाही, आणि आम्ही त्यांचे तांबे जपत बसलो होतो. दिवाळीला बरीच भांडी घरोघर पोचवली. राहिलेली बालाजीने पोचवावीत. लग्नाची वाट पाहू नये.

४. कोठीची खोली. हे मृत्युपत्र मुख्यतः या कलमासाठी आहे.

माझी थोरली बहीण कमलबाई, आमची अक्का, मालक वारल्यावर माहेरी आली तेव्हा बालाजी पाळण्यात होता. घरात जागा नव्हती. ती ओसरीत झोपू लागली. सर्वांच्या आधी उठून वाकळ गुंडाळायची आणि दाराआड उभी करायची. पाहुणे आले तर त्यांना कळतही नसे की इथे कोणी झोपते. आमच्या घरात पसारा फार, पण अक्काचा कधी दिसला नाही. वडिलांच्या मिळकतीत तिने वाटा मागितला नाही. मीही विचारले नाही, कारण जागा नाही हे मला खरेच वाटत होते.

दिवाळीत मी कोठी रिकामी करायला काढली. धान्याचे पत्र्याचे पिंप, फवारणीचे मोडके पंप, आमचा पाळणा, बैल विकून गेले तरी राहिलेल्या झुली. धाकटा भाऊ शिवशंकर दारात येऊन उभा राहिला.

"अण्णा, कामून काढायलास हे समदं? लागंल की कधीतरी."

"कधीतरी म्हंजे कवा?"

"ते आत्ता कसं सांगू? लागल्यावर कळतंय."

पिंप हलवले तेव्हा त्यामागे खिडकी निघाली. मी याच घरात जन्मलो, पण ती मला ठाऊक नव्हती. शेवटी एक हंडा निघाला, त्यावर अक्काच्या मालकांचे नाव. बालाजीने विचारले, "आत्या, हे कुणाच्या घरी द्यायचं?" अक्का पदराने हंडा पुसत म्हणाली, "ते घर न्हाई राह्यलं बाबा." आणि तो पाण्यासाठी स्वतःकडे ठेवून घेतला.

भिंतींना चुना दिला. अक्का उंबऱ्यावर थांबून आत बघत होती.

"नरसिंग, आता हितं काय ठेवायचं ठरवलंय?"

मी म्हणालो, "तुझी वाकळ, अक्का."

त्या दिवसापासून ती तिथे झोपू लागली.

या महिन्यात तपासण्यांसाठी मी हैदराबादला राहून आलो. परत आलो तेव्हा अक्काच्या खोलीत तुरीची पोती रचलेली होती आणि तिची वाकळ पुन्हा ओसरीत, दाराआड उभी होती. शिवशंकर म्हणाला, "भाव वाढंस्तोवर हायेत, अण्णा. अक्का न्हाई म्हणली न्हाई." खरे आहे. अक्का कधीच नाही म्हणत नाही. तेव्हा मला कळले की मी हैदराबादहून आलो नाही तर काय होईल.

म्हणून लिहून ठेवतो: कोठीची खोली, खिडकी आणि अंगणातून जाण्यायेण्याच्या वाटेसह, कमलबाईच्या तहहयात ताब्यात राहील. किल्ली तिच्या कमरेला राहील. तिथे धान्य, कूलर, पाहुण्यांच्या गाद्या, काहीही ठेवू नये. तिने हो म्हटले तरी ठेवू नये. सकाळी तिची वाकळ अंथरलेली दिसली तर कोणी उचलू नये आणि तिलाही उचलायला सांगू नये. तिच्यानंतर खोली शोभाबाईची, पुढे बालाजीची. तेव्हाही ती सामानाने भरू नये. घरात जागा नाही असे ज्याला वाटेल, त्याला द्यावी.

५. माझे कपडे धुऊन देऊन टाकावेत. फोटो एकच लावावा, तोही अक्काच्या खोलीत नको. लहानपणी आई मला बीदरच्या झरणी नरसिंहाला घेऊन जायची. छातीभर पाण्यातून जाताना ती म्हणायची, "हातात काय बी धरू नको, देव दिसंपर्यंत." तसेच जावे म्हणतो.

६. शिवशंकरला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. वकिलांनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये. मला त्याची साक्ष हवी आहे.

हे सर्व मी दोघा साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि त्यांच्यादेखत सही केली. पुढचे देवाच्या आणि त्यांच्या हाती.

ठिकाण: ठाणाकुशनूर
दिनांक: १९ जानेवारी २०२५

सही: नरसिंग श्रीपतराव बिरादार

साक्षीदार:

१. बसवंतप्पा पाटील, शेजारी. वाचताना हजर होतो. नरसिंगराव शुद्धीवर आहेत.

२. शिवशंकर श्रीपतराव बिरादार, भाऊ. ऐकलं. सही करायच्या आधी उठून पोती काढली, मग सही केली. अण्णा, तू जाऊन ये.