घरच्या नारळाची किंमत

४ नोव्हेंबर २०२४, किहीम
ताळेबंद आजही जुळला नाही! पुस्तकातला व्यापारी दुकानातला तांदूळ घरी नेतो — तो मी एकाच बाजूला लिहिला. घरी नेला, त्यात दोनदा लिहायचं काय? शाळेत गणित चुकलं की सिस्टर खोडरबर काढून घ्यायच्या. "चूक दिसू दे." किती गोड हसायच्या!

पुस्तक भाचीचं. नूतन अलिबागला कॉलेजात हिशेब शिकवते. वाडीतल्या दोन खोल्या मुंबईच्या एका पार्टीला भाड्याने द्यायच्या, असं ह्यांच्या मनात. मला त्या स्वतः चालवायच्यात, पाहुण्यांसाठी. हे म्हणाले, "कागदावर फायदा दाखव. मी गप्प बसतो."

म्हणून ही शाळा.

७ नोव्हेंबर
कामाला येणारी ठमी झाडलोट सोडून बघत उभी. "वयनी, या वयान अभ्यास? नापास झाल्याव मारनार कोन?" हसता हसता पेन्सिलीचं टोक मोडलं.

१२ नोव्हेंबर
फायदा निघाला! शनिवार-रविवारच पाहुणे धरले, तरीही! लगेच नूतनला फोन करून हिशेब वाचून दाखवला.
"मावशी, यात नारळ कुठेत?"
"ते घरचे."
"तांदूळ?"
"घरचाच की."
"आणि रांधणार कोण?"
"मी!"
"मग तुझा पगार?"
मी हसले. ती नाही हसली. "नारळ बाजारात विकला असतास ना? आणि तुझ्याजागी बाई ठेवलीस तर फुकट येईल?"

इथे खोल्या देणारे सगळे असाच हिशेब करतात. कुणालाही विचारा — घरचंच तर आहे!

१३ नोव्हेंबर
नारळ, तांदूळ, परसातली भाजी — सगळं बाजारभावाने धरलं. तरी थोडा फायदा उरला. मग माझा पगार लिहिला.

तोटा.

१४ नोव्हेंबर
कागद ह्यांच्यापुढे ठेवला. वाटलं, आता "मी सांगत नव्हतो?" ऐकावं लागणार. पण हे माझ्या पगाराच्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिले.
"एवढा?"
"बाजारभाव आहे."
"म्हणजे इतकी वर्षं..."
ह्यांनी उठून चहा केला. त्यात साखर नव्हती — मी तसाच प्यायले. मग म्हणाले, "चालव तुला हव्या तर खोल्या. होऊ दे तोटा."
विचार करते म्हटलं. मन मात्र भरून आलं.

१८ नोव्हेंबर
मुंबईची पार्टी येऊन गेली. खोल्या देऊन टाकल्या, मीच म्हटलं देऊ या. त्यांना रांधायला आणि देखरेखीला माणूस हवंच होतं. मी माझा आकडा सांगितला. एक पैसाही कमी न करता "हो" म्हणाले. एक तारखेपासून पगार — आयुष्यातला पहिला!