आग्रेस्तच्या चोरलेल्या काड्या

५ ऑक्टोबर

आईचं आग्रेस्तचं, म्हणजे काटेरी गूजबेरीचं, झुडूप गेलं. उंदरांनी खालून मुळं कुरतडलेली, ओढलं तर सगळं हातात आलं. लाल, केसाळ फळांचं होतं ते — बाजारात मिळतं ते हिरवं, पाणचट. आता त्या जातीचं एकच उरलंय, कुंपणापलीकडे शेजारच्या लोदाकडे. आईनेच तिला काडी दिली होती. म्हणून नातीला, किंगाला, पाठवलं. किती बजावलं — काड्या घे, मान खाली घाल, चालू लाग. आभार मानलेली काडी रुजत नाही.

पोरगी तिथे जाऊन म्हणते, "खूप खूप आभारी आहे, लोदाआजी." लुब्लिन शहरात राहून बिघडली. लोदा कुंपणावरून मला ओरडली, "गेन्या, टाक त्या चुलीत. मेल्या आता!"

टाकल्या. काटे तडतडले. किंगा विचारते, "आजी, काडीला कान असतात का गं?" घ्या.

७ ऑक्टोबर

लोदा काल म्हणाली, "मागितलेल्यापेक्षा चोरलेली बरी. सकाळी मी बीटाचं सूप करते, पाठ खिडकीकडे असते."

गेले. या वयात चोर! आत ती पातेली आपटत मारियामातेचं गाणं म्हणत होती. आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. माझी बाही काट्यात अडकली, सुटेना. बिचारीचं गाणं संपलं, तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेवढ्यात मूठभर काड्या कापून आणल्या. तिरक्या खोचल्या, दोन-दोन डोळे वर ठेवून.

संध्याकाळी लोदा विचारते, "माझ्या अंगणात कोंबडी शिरली होती का गं?"

"म्हातारी होती," मी म्हटलं.

२० नोव्हेंबर

पहिला बर्फ. काड्यांवर पाला घातला.

१६ एप्रिल

फुटल्या! नखाएवढी पानं, दुमडलेली. ओल्या मातीतच बसले, उठावंसंच वाटेना. आई ईस्टरला याचाच मुरंबा बरणीतून काढायची, चमचा आम्ही आळीपाळीने चाटायचो. वाटलं होतं, माझ्याच हातून संपणार ते. नाही संपलं.

किंगाला फोन केला. म्हणते, "आजी, अभिनंदन म्हणू, की त्यालाही बंदी?"

३० ऑगस्ट

लोदाच्या मुलाने नळासाठी चर खणायला यंत्र आणलं. तिचं झुडूप मुळासकट गेलं. धावत गेले. म्हटलं, "लोदा, माझ्याकडच्या काड्या देते, थंडी पडू दे."

"राहू दे. बाजारातलं हिरवं काय वाईट आहे?" तोंड फिरवून बोलली. जेवण गेलं नाही मला.

९ ऑक्टोबर

सकाळी लोदा कुंपणाच्या फटीतून आत शिरली, कात्री एप्रनखाली लपवून. मी खिडकीकडे पाठ केली, पातेली आपटली आणि गाणं धरलं. माझंही गाणं संपलं, तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणत राहिले.